बागेच्या पाठीमागचं गाव

नोकरी सुटून चार वर्षं होत आली. खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेतं उचलली. त्यातलं बरंचसं आता विसरलोय. पण मे महिन्यातली एक दुपार काही केल्या मनातून जात नाही. ती आठवली की आधी माझी मान खाली जाते आणि मग अंगावर काटा येतो.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी तमिळनाडू पोलिसांत होतो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. घराणं तंजावरचं. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलतो, पण महाराष्ट्रातून आलेला माणूस ती ऐकून हसू दाबतो, हे मला ठाऊक आहे. ही लिहिण्याची मराठी मी पुस्तकं वाचून कमावली. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं ठाणं चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राकडच्या रस्त्यावर होतं. हद्दीत मासेमारीची दोन गावं, नव्या इमारती आणि ती बाग. नाव सांगत नाही. बाग म्हणजे झाडांची नव्हे हो! आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, मानवनिर्मित तळं, खोटा डोंगर, तीनशे खोल्यांचं हॉटेल आणि देशातल्या सगळ्या राज्यांच्या नमुन्याच्या गल्ल्या. राजस्थानच्या गल्लीत कठपुतळ्या, केरळच्या गल्लीत नौका, महाराष्ट्राच्या गल्लीत कोळीण, लावणी आणि जातं. रोज हजारो माणसं येत. आम्ही पोलीस मात्र मुख्य दरवाजाच्या आत फारसे जात नसू. पाकीटमार पकडायचा, दारुड्याला बाहेर काढायचं, झालं. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते चार वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास एक जोडपं ठाण्यात आलं. तो सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मूळचे कराडकडचे. तिने निळा कुडता घातलेला, चेहरा उन्हाने लाल झालेला. त्याची आई बागेत हरवली होती. वय चौऱ्याहत्तर. स्मरणशक्ती गेलेली, मराठीखेरीज एक अक्षर येत नाही. आणि खरी गोष्ट पुढेच होती. साडेअकराला सुनेने सासूला इन्सुलिनची सुई टोचली होती. त्यानंतर अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. सून दहीभात आणायला गेली, परत आली तर बाकडं रिकामं.

"साहेब, त्यांनी खाल्लेलं नाही," ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती. "साखर एकदम खाली जाते त्यांची. बेशुद्ध पडतात."

आमच्याकडे त्या दिवसांत कत्तिरीचं, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन असतं. डांबर पायाला चिकटतं. अशा उन्हात बेशुद्ध पडलेली म्हातारी कुठल्या झुडपाआड किती वेळ तग धरील, याचा हिशेब मी मनात केला आणि लगेच तक्रार नोंदवून घेतली. वायरलेसवर वर्णन दिलं. मुलाच्या मोबाईलमध्ये आईचा एकच अलीकडचा फोटो होता, घरातल्या गाऊनमधला, केस सुटलेले. तोच सगळ्यांना पाठवला. आज अंगावर हिरवी इरकली नऊवारी, गळ्यात बोरमाळ, अंबाड्यात गजरा, हे सुनेने सांगितलं ते मी आमच्या माणसांना वायरलेसवर तमिळमध्ये सांगितलं. मग आम्ही बागेत गेलो.

बागेचा व्यवस्थापक टापटीप, नम्र माणूस होता. त्याने पाऊण तासात सगळ्या पहारेकऱ्यांना विचारून घेतलं होतं. हरवलेली पाहुणी, वृद्ध, कुणी पाहिली? कुणीही नाही. कॅमेऱ्यांच्या खोलीत तिन्ही दरवाजांचं चित्रण तपासलं. म्हातारी आत आलेली दिसते, बाहेर गेलेली दिसत नाही.

"कर्ण्यावरून पुकारा करा," मी म्हणालो.

"सर, ते आम्ही करत नाही," तो ओशाळून म्हणाला. "इथं कुणी हरवलंय हे पाहुण्यांच्या कानावर पडता कामा नये. लोक आनंदाला येतात."

मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुकारा झाला. मराठीत मीच केला. उपयोग शून्य.

दोनच्या सुमारास ठाण्यावर एक फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही. त्याचं म्हणणं, निळ्या कुडत्यातली बाई म्हातारीवर बोट रोखून जोरात ओरडत होती, मग तिला तळ्याकाठी सोडून मागे न बघता निघून गेली. म्हातारी रडत होती.

आता पोलिसाचं डोकं कसं चालतं बघा. दर वर्षी देवळांच्या आणि स्टेशनांच्या आवारात लोक आपल्या म्हाताऱ्यांना सोडून जातात, हे आम्ही पाहिलेलं असतं. वर तळं. वर सून. मी सुतावरून स्वर्ग गाठला. शोध चालू ठेवला, अग्निशमन दलाची बोट तळ्यात उतरवायला सांगितली आणि सुनेला बागेच्या कचेरीतल्या एका खोलीत बसवलं. शेजारी आमच्या ठाण्याची महिला हेड कॉन्स्टेबल. जबाब मी मराठीतच घेतला.

"ओरडलात का त्यांच्यावर?"

"हो. ओरडले."

"कारण?"

"सकाळपासून विचारत होत्या, आपण कुठं आलोय. मी सांगायचे, त्या पुन्हा विचारायच्या. मोजणं सोडून दिलं मी. बसा इथंच, उठायचं नाही, असं ओरडून सांगितलं." तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "साहेब, मला नंतर काय ते विचारा. आधी त्यांना शोधा."

"तुमची नोकरी?"

"सोडली. दोन वर्षं झाली. त्यांना एकटं ठेवता येत नाही."

"कंटाळला होतात?"

मी वाट पाहिली. चौकशीत प्रश्नापेक्षा गप्प बसणं कामाला येतं, हे तीस वर्षांत शिकलो होतो आणि त्या दिवशी त्या विद्येचा मी भलताच उपयोग केला. तिने पुन्हा घड्याळ पाहिलं आणि मग एकदम म्हणाली, "आज सकाळी बसमध्ये एकदा मनात आलं होतं. ह्या हरवल्या तर मी सुटेन. आलं होतं मनात, खोटं कशाला बोलू?"

मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर नवरा बसला होता. त्याने ऐकलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तोंड वळवून पाठ फिरवली. त्या बाईचा चेहरा त्या क्षणी जो झाला, तो मी नंतर कितीदा तरी झोपेत पाहिलाय.

बाहेर आल्यावर हेड कॉन्स्टेबल मला तमिळमध्ये म्हणाली (अय्या म्हणजे साहेब), "अय्या, मला तुमची भाषा समजली नाही. पण ही बाई घाबरून घड्याळ बघत नाही. माझ्या आईला साखर होती. सुई दिल्यावर जेवण लांबलं की मी अशीच घड्याळ बघायचे."

"बरं बरं," मी तिला उडवून लावलं. खाली कुणी सांगितलेलं वर ऐकू येत नाही, हा आमच्या खात्याचा जुना रोग. आमची आई म्हणायची तसं, चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मी रंगलो होतो.

चार वाजले असतील. मी तळ्याकडे निघालो. वाट महाराष्ट्राच्या गल्लीतून जात होती. कोपऱ्यावर वळलो आणि समोर, पाठमोरी, हिरवी नऊवारी, अंबाडा, गजरा!

"आजी!" मी ओरडलो. पन्नाशी उलटलेला निरीक्षक, वर्दीत, पोट सांभाळत धावत सुटला. लोक बाजूला झाले. बाई वळली. पंचविशीतली पोरगी, तिरुनेलवेलीची. नाकात नथ, हातात पाण्याची बाटली.

"एन्न अय्या?" तिने विचारलं. काय झालं म्हणून.

मागून व्यवस्थापक धापा टाकत आला. "सर, ही आमची कलाकार आहे. अशा चौघी आहेत या गल्लीत."

मी जागच्या जागी उभा राहिलो. अहो, मी मराठी माणूस. जन्मभर आई-आजीला नऊवारीत पाहिलेलं. तो मी जर कलाकाराला म्हातारी समजतो, तर इथल्या पहारेकऱ्याने म्हातारीला कलाकार का समजू नये?

"तुमचा कलाकार भलत्या गल्लीत दिसला तर काय करता?" मी विचारलं.

"लगेच आत नेतो, सर. तो नियम फार कडक आहे. राजस्थानची बाई केरळच्या नौकेजवळ दिसली की पाहुण्यांची मजा गेली. पाच मिनिटांच्या आत तिला मागच्या दाराने..." बोलता बोलता तो थांबला. त्याचाही चेहरा उतरला.

"मागच्या दारांचे कॅमेरे तपासलेत?"

"नाही. ती दारं आमच्या माणसांची. पाहुणे तिथून जातच नाहीत."

सगळे पहारेकरी पुन्हा बोलावले. या वेळी पाहुणीबद्दल विचारलंच नाही. विचारलं, आज वेशातल्या एखाद्या बाईला कुणी आत नेलं का? एक जवान ताबडतोब पुढे झाला. पूर्वी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात होता, शिस्तीचा पक्का. "मी नेलं, अय्या! जात्यावरची नवी पाटी. तळ्याकाठी बसून रडत होती. वाट चुकली असणार." पाटी म्हणजे आजी. जात्यावर बसून दळणारी जुनी बाई मागच्या आठवड्यात काम सोडून गेली होती आणि कोल्हापूरहून नवी यायची होती, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वही उघडून दाखवली. 'अकरा चाळीस. वेशातील बाई, एक. आत.' खाली सही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला नुसता फोटो दाखवला होता, नऊवारीबद्दल कुणी बोललं नव्हतं; आणि गाऊनमधली विस्कटलेली म्हातारी आणि ही बोरमाळ घातलेली पाटी एकच असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला पाहुणीबद्दल विचारलं होतं आणि त्याने खरं उत्तर दिलं होतं.

मी सून आणि मुलगा दोघांना बरोबर घेतलं. व्यवस्थापकाने डोंगराच्या पायथ्याशी, वेलींच्या मागे असलेलं एक दार उघडलं. उतार होता. आम्ही जमिनीखाली उतरलो, आणि मी तोंडाचा आ वासला.

बागेखाली रस्ता होता. चांगला दोन गाड्या जातील एवढा. बॅटरीवरच्या गाड्या पळत होत्या. एका गाडीत बर्फाच्या लाद्या, दुसरीत घोड्यांची मुंडकी. भिंतीला टेकून मुकुट घातलेला एक राजा सांबारभात खात होता. एक राक्षस स्वतःचं धोतर इस्त्री करत होता. वर आमच्या डोक्यावर पोरंबाळं किंचाळत होती, त्याचा आवाज इथे पुसट, दूरच्या जत्रेसारखा. पुढे धुलाईघर, एवढं मोठं की त्यात आमचं अख्खं ठाणं मावलं असतं. मग स्वयंपाकघर, शिंप्यांची ओळ, सुतारशाळा. आणि बोगदा संपून वर आलो तर समोर गाव!

खरंखुरं गाव. चाळीच्या आकाराची घरं, दारात कोलमची रांगोळी, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ, शाळा, पोस्ट, दवाखाना, लाल रंगाचा स्वतःचा आगीचा बंब. नळावर बायका रंगीत कुडम, म्हणजे घागरी, घेऊन पाण्यासाठी उभ्या होत्या, त्यातल्या दोघींच्या पाठीला अजून परीचे पंख होते. आसामी, तेलुगू, बिहारी, मल्याळी, सगळी माणसं तिथे राहत होती. तिथे लग्नं होतात, बारशी होतात. चार वर्षं मी त्या भिंतीजवळून जीप नेत होतो! लोकांना दिवसभर थक्क करून सोडणारी माणसं संध्याकाळी इथे येऊन पाण्याच्या रांगेत उभी राहतात. मला हात जोडावेसे वाटले. हसू नका, खरंच वाटले.

पण सुनेला यातलं काही दिसत नव्हतं. ती मला विचारत होती, "खायला दिलं असेल का हो कुणी?"

गाडीच्या चालकाने पाटीला भोजनगृहाशी सोडलं होतं. भोजनगृहाच्या बाईने सांगितलं, "नवा माणूस आला की आधी पान वाढायचं, मग नाव विचारायचं, अशी आमच्या गावची रीत आहे. पाटी पोटभर जेवली. भात दोनदा घेतला."

सून तिथेच मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ठाण्यात आल्यापासून तिने एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. आता हुंदके आवरेनात. मुलगा जरा अंतरावर उभा होता.

भोजनगृहाच्या बाईने नंतर पाटीला तालमीच्या खोलीत पाठवलं होतं. दारातूनच आवाज ऐकू आला.

"अगं बया, ह्ये काय? पोतं घातल्यागत! सोड, सोड ते."

बागेतल्या नऊवाऱ्या शिवलेल्या असत. पायजम्यासारख्या चढवायच्या, मागे चेन ओढायची, पाच मिनिटांत दुसऱ्या खेळाला तयार. आजीला ते सहन झालं नव्हतं. तिने शिंप्याकडून अख्खी लुगडी मागवली होती, कुठल्या भाषेत ते देव जाणे. या गल्लीतल्या आणि इतर गल्ल्यांतल्या मिळून दहा-बारा पोरी रांगेत उभ्या होत्या आणि ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एकेकीला लुगडं नेसवत होती. निऱ्या घालणं, कासोटा काढून मागे खोवणं, पदर खांद्यावर नेऊन कमरेला घेणं. हात कुठे अडत नव्हते, थरथरत नव्हते. पोरींना तिचं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी सगळ्या तिचं ऐकत होत्या. "सरळ ऱ्हा. श्वास घे. आता चालून दाव." एक मणिपुरी मुलगी चालून दाखवू लागली तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुलाने ठाण्यात तिच्याबद्दल आम्हाला सांगितलं होतं, सकाळचं दुपारी आठवत नाही. तिचे हे हात मात्र साठ वर्षांपूर्वीचं सगळं जपून होते. मी टोपी काढली. का काढली, सांगता येत नाही. देवळात काढतो तशी काढली.

आता कामाचा भाग. हरवलेली व्यक्ती ताब्यात देताना ओळख पटवावी लागते. मी आजीपुढे बसलो. "आजी, हा कोण?" मुलाकडे बोट दाखवलं.

आजीने त्याला न्याहाळलं. "बऱ्या घरचं पोरगं दिसतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू रं कुठल्या गावचा? मराठी बोलतोस, पर हेल काय तुझा ह्यो!" पोरी माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो.

मुलाचा चेहरा मात्र पाहवेना. सून मागे दाराशीच उभी होती. पुढे यायला धजत नव्हती. मी तिला जवळ बोलावलं.

"आणि ही कोण, आजी?"

आजीने बराच वेळ पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. मग हात पुढे करून सुनेचा हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "नाव काय ते आठवत न्हाई बाबा. पर ही असली की मला भ्या वाटत न्हाई."

मुलगा ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझंच मला पुरे होतं.

या घटनेने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पहिलं, प्रश्न चुकीचा विचारला तर शंभर खरी माणसंही तुम्हाला खड्ड्यात घालतात. हे मी नंतर नव्या उपनिरीक्षकांना शिकवलंसुद्धा. दुसरं शिकवायला मला कधी जमलं नाही. एखाद्याच्या मनात काय येऊन गेलं, हा त्याचा गुन्हा नसतो. मनात तसं येऊनही माणूस सुई वेळेवर देतो, दहीभात आणायला उन्हातून धावतो, यापुढे आपण नमावं. पाळणे, डोंगर, जमिनीखालचं ते अचाट गाव, सगळं पाहून मी थक्क झालो, पण त्या बाईइतकं थक्क मला कशानेच केलं नाही.

कागदांवर सह्या झाल्यावर मी तिच्यापुढे उभा राहिलो. नवरा शेजारीच होता. म्हणालो, "ताई, माझं चुकलं. तुमचा जबाब मी ज्या हेतूने घेतला, तो वाईट होता. क्षमा करा."

"क्षमा कसली, साहेब," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही विचारलंत तरी. कंटाळलात का, असं दोन वर्षांत मला कुणीच विचारलं नव्हतं."

ती सासूचा हात धरून आमच्या जीपकडे चालू लागली. मुलगा दहा पावलं मागे रेंगाळला, मग झपाझप गेला आणि आईचा दुसरा हात त्याने धरला. मी मागेच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"संध्याकाळची सुई किती वाजता असते?" तो बायकोला विचारत होता. "मला दाखव ना, कशी द्यायची ते."

ती चालता चालता थांबली. त्याच्याकडे पाहिलं. आणि मग हळूहळू, एकेक करून, त्याला सांगू लागली.